घोड्यांच्या अंगावरची मुळाक्षरं

प्रिय लॉर्ना,

पाकिटावरचं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी घोटभर पाणी पी. इथे सगळे जिवंत आहेत, कोंबड्यासुद्धा. ओळी अशा झिंगल्यासारख्या का चालल्यात ते तुला सांगायला नको, तू डोळ्यांच्या वॉर्डातच काम करतेस. बाकी नेहमीसारखंच आहे. तोंड माझं आणि हात तुझ्या आजोबांचा. नाक कागदाला टेकवून लिहितायत आणि नाकाच्या शेंड्याला शाई लागलीय. आता पुसली. म्हणजे मी सांगते ते सगळं उतरवतायत, याची खात्री पटली. एरवी गाळायचा स्वभाव आहे त्यांचा, म्हणून प्रत्येक पान झालं की मी वाचून दाखवायला लावते. मला अक्षर येत नाही, पण ओळी मोजता येतात. मी चहा थंड होईपर्यंत बोलले आणि कागदावर दोनच ओळी उमटल्या, की मला कळतं.

तुझं पत्र मंगळवारी टपालगाडीनं आलं. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनला सोळा तारीख दिली, आधी डावा डोळा, मग तीन आठवडे दोन्ही डोळ्यांना पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. हे सगळं यांनीच मला वाचून दाखवलं, अर्धं दिसत होतं ते आणि अर्धं अंदाजानं. वाळूच्या पिशव्यांपाशी आल्यावर खोकला आला. मग पत्राची घडी घातली, चहाच्या डब्याखाली ठेवली आणि म्हणाले, तिला कळवू या की जमणार नाही, घोड्यांकडे कोण बघणार. घोडे किती? दोन. त्यातला एक इतका म्हातारा आहे की तोच यांच्याकडे बघतो. तर पोरी, हे नकाराचं पत्र आहे. पण नाही म्हणायला एक ओळ पुरते आणि उरलेला कागद कोरा पाठवणं माझ्या जिवावर येतं. तेव्हा तो नकार सगळ्यात शेवटी लिहू. आधी तू नाताळात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. तू विचारलंस, आजोबा, तुम्ही लढाईत काय केलं? हे म्हणाले, घोडे धरले. तू हसलीस. तुला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. हे स्वतः काही सांगायचे नाहीत, पण मी सांगितलेलं लिहिण्यावाचून यांना गत्यंतर नाही. पुढे मी यांना रूबनच म्हणणार आहे, कारण घरात तेच म्हणते आणि ज्या दिवसांबद्दल सांगायचंय तेव्हा तो कुणाचाच आजोबा नव्हता.

मी पंधरा वर्षांची असल्यापासून माझ्या बापाच्या तांड्यावर स्वयंपाक करायची. बाप दुसऱ्यांची गुरं हाकत न्यायचा, वॉरेगो नदीच्या काठानं, चार-चार महिने. सतराव्या वर्षी तांड्यावर एक नवा माणूस आला, रानटी घोडे वठणीवर आणणारा. लांब पाय, मोठे कान आणि तोंडाला कुलूप. तीन आठवडे त्यानं माझा राखेत कढई पुरून भाजलेला पाव आणि खारं मांस खाल्लं आणि एक शब्द बोलला नाही. बाविसाव्या दिवशी विचारलं, उद्याही हाच पाव असणार का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, बरं. झालं, एवढाच आमचा प्रेमाचा मामला. मी रात्रभर विचार करत होते की ही तारीफ होती का तक्रार. अजून विचारलेलं नाही. आत्ता विचारलं तर म्हणतो, लिहू दे.

शाळा आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. पण आम्ही अडाणी होतो असं समजू नकोस. शहरात राहून विसरली असशील म्हणून सांगते, आमच्याकडे गुराच्या मांडीवरचा डाग वाचता आला की माणूस शिकलेला. प्रत्येक मालकाचं तापवून डाग उठवायचं लोखंड वेगळं. कुणाचा नांगर, कुणाचं फाटक, कुणाचा उलटा पेला. जनावर विकलं गेलं की नवा मालक जुन्या डागाच्या खाली आपला डाग उठवतो, म्हणजे सगळ्यात खालचा डाग ज्याचा त्याचं ते जनावर. मला तेव्हा तीनशेच्या वर डाग पाठ होते. रूबनला माझ्याहून जास्त. त्याच्या स्वतःकडे एकच घोडी होती, बिडी नावाची, आणि तिच्या मांडीवर त्याचा डाग होता, एक रिकीब. स्वाराचा पाय ज्यात असतो ती रिकीब, दुसरं काही नाही. पण ती इतकी नेटकी उठवलेली होती, की बाप म्हणाला, हा माणूस बोलत नसला तरी सही चांगली करतो.

एकोणीसशे पंधरा साली पहिल्या मोठ्या लढाईची हाक इथवर आली. घोडा स्वतःचा असेल तर घेऊन या, असं सांगत होते. रूबन बिडीला घेऊन गेला. टोपीत खोवायला शहामृगासारख्या त्या आपल्या एमूची पिसं मिळतात, हे त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. माझी समजूत आहे की तो पिसांसाठीच गेला. राजासाठी वगैरे गेला असता तर बोलला असता. भरतीला घोड्यावरची परीक्षा म्हणजे त्याला खेळ होता. फजिती झाली डोळे तपासताना. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि डॉक्टर म्हणतोय, शेवटची ओळ वाच. रूबन म्हणाला, फाटक, वाकडी खुंटी, तुटलेलं कडं, मग पायबंद, आणि शेवटी आडवं पडलेलं शिंग. डॉक्टरनं चष्मा काढला, स्वतः तक्त्याजवळ जाऊन बघितलं आणि म्हणाला, पोरा, तुला नाव लिहिता येत नाही, पण तुर्काच्या कोटाची बटणं तू मैलावरून मोजशील. घेतला. लॉर्ना, असे डोळे होते या माणसाचे. आज समोरच्या खुर्चीवर मांजर आहे का उशी, हे हात लावून बघतो. लिही, रूबन. खरं आहे ते लिही.

आता पत्रांचं. त्याला लिहिता येत नाही, मला वाचता येत नाही आणि मध्ये अख्खा समुद्र. पलटणीत चार-चार स्वारांची एक चौकडी असायची. चौघं एकत्र खायचे, एका रांगेत घोडे बांधायचे. रूबनच्या चौकडीत सेसिल ग्रिमशॉ नावाचा तुवुम्बा शहरातला कारकून होता. घोड्यावर बसला की पिठाचं पोतं, पण हातात पेन दिलं की झरा. रूबन सांगायचा आणि सेसिल लिहायचा. इकडे ते पत्र मला वाचून दाखवायची टपाल आणि किराणा सांभाळणारी मिसेस ऑग्डन, काउंटरवर कोपरं टेकून, दुकानात असतील तितक्या लोकांसमोर. पहिल्याच पत्रात चांदण्यात न्हालेली वाळू होती, माझ्या आठवणीनं ओला झालेला हात होता. मिसेस ऑग्डननं डोळे पुसले. साखर घ्यायला आलेल्या लोहारानंही पुसले. मी म्हटलं, हे कुणाचं पत्र आहे? रूबननं जन्मात चांदणं हा शब्द उच्चारला नव्हता. तो चंद्राकडे बघून म्हणतो, उजेड आहे. पण पत्राच्या तळाशी, सहीच्या जागी, रिकीब काढलेली होती. सगळं पत्र सेसिलचं आणि तेवढी रिकीब रूबनची. मी घरी नेऊन तेवढीच बघायची.

माझ्या उत्तरांचं तेच. मी सांगायची, करडी गाय व्यायली, बापाचा गुडघा दुखतो, या वर्षी गवत बरं आहे. मिसेस ऑग्डन त्यातून काय काय काढायची देव जाणे. पुढे कळलं की एका पत्रात मी करड्या गाईच्या वासराकडे बघून सुस्कारे टाकत होते.

तुझ्या आजोबांचं काम काय होतं, ते मला नंतर कळलं. हे लोक घोड्यावर बसून लढाईच्या जागी जायचे, पण लढायचे उतरून. चौघांतले तीन बंदूक घेऊन पुढे धावायचे आणि चौथा चारही घोड्यांचे लगाम धरून मागे, टेकडीआड. चौथा कोण? ज्याच्या हाती घोडे शांत राहतात तो. म्हणजे नेहमी रूबन. तुर्कांशी लढाई चालली त्या वाळवंटात सगळीकडे तो असाच उभा होता, हाताला चार तोंडं बांधून. पुढे काय चाललंय ते त्याला फक्त ऐकू यायचं. तोफेचा गोळा जवळ पडला की चारही घोडे चार दिशांना ओढायचे, आणि एक जरी सुटला तरी पुढच्या तिघांतला एकजण परतीच्या वेळी पायी, म्हणजे मेलाच. त्याला बंदूक झाडायला हातच मोकळा नसायचा. दडून बसावं म्हटलं तर घोडे बसत नाहीत. पदक नाही, बढती नाही. गावात परत आल्यावर लोक विचारायचे, किती तुर्क मारले? हा म्हणायचा, घोडे धरले. मग ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागायचे.

सोळा साली एक पत्र आलं. मिसेस ऑग्डननं वाचलं की स्वारी मजेत आहे, हवा छान आहे, संत्री मिळतात. खाली बघते तर रिकीब आडवी. डाग आडवा असला की आपल्याकडे त्याला निजलेला डाग म्हणतात, तुला ठाऊक आहे. मी काउंटरवर मूठ आपटून म्हटलं, हा आजारी आहे, अंथरुणाला खिळलाय. मिसेस ऑग्डन म्हणाली, ॲडी, इथे स्पष्ट मजेत लिहिलंय. मी म्हटलं, लिहिलं असेल, पण पडून लिहिलंय. पाच महिन्यांनी कळलं, विषमज्वर होता, सात आठवडे. त्या दिवसापासून मी मिसेस ऑग्डनचं वाचन कानाआड करून आधी तळाची रिकीब बघायला लागले. उभी असली की पीठ मळायला घ्यायची.

आणि मग अठरा साली ते पत्र आलं. नेहमीसारखी संत्री, तारे, जैतुनाची झाडं. तळाशी रिकीब, उभी. आणि तिच्या खाली दुसरा डाग. माझ्या ओळखीचा नसलेला. गोल काहीतरी, वर वाकडी कड, आत एक ठिपका. मला ती बाईची टोपी दिसली आणि ठिपका म्हणजे टोपीतलं फूल. लॉर्ना, तीनशे डाग पाठ असलेल्या बाईला खाली दुसरा डाग दिसला तर ती काय समजेल? जनावर विकलं गेलं. मिसेस ऑग्डन अजून जैतुनाच्या सावलीत होती आणि इकडे माझे कान तापले होते. ती म्हणाली, किती गोड नक्षी काढलीय बघ. मी म्हटलं, नक्षी नाही, ही पावती आहे.

तिथल्या तिथे उत्तर सांगितलं. तुझ्या नव्या मालकिणीला माझा नमस्कार. तिला सांग, जनावर तसं सरळ आहे, पण उपाशी असलं की लाथा झाडतं, उभ्या उभ्या झोपतं आणि त्याला बोलता येतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. परत करायची सोय नाही. मिसेस ऑग्डन म्हणाली, मी असलं लिहिणार नाही. मी म्हटलं, दोन वर्षं न सांगितलेले सुस्कारे लिहिलेस, आता सांगितलेलं लिही. तिनं लिहिलं, आणि बरोबर लिहिलं का ते मी लोहाराकडून वाचून घेतलं. पाकिटाला डिंक मी स्वतः लावला. मग घरी येऊन असा पाव भाजला, की बापाचा एक दात हलला.

पुढचं मला सेसिलनं सांगितलं, वीस साली तो आपल्याकडे राहायला आला तेव्हा. रूबन शेजारी बसून लगामाला तेल लावत होता आणि मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, म्हणजे खरं असणार. माझं पत्र पोचलं तेव्हा पलटण जॉर्डनच्या खोऱ्यात होती. खड्ड्यात तापलेली कढई असावी तशी जागा, घोटाभर धूळ, वारा आला की शेजारचा माणूस दिसत नाही. सेसिलनं पत्र वाचलं. नमस्कार वाचला, लाथा वाचल्या. रूबननं विचारलं, अजून? सेसिल म्हणाला, संपलं. रूबन दोन दिवस गप्प होता. सेसिल मला म्हणाला, तसा तो नेहमीच गप्प असतो, पण या वेळी घोडेसुद्धा त्याच्याकडे वळून बघत होते. शेवटी यानं त्याला म्हटलं, अरे सांग ना काय झालंय, मी असं समजावतो की ती पायी चालत येईल. रूबन म्हणाला, तू नको. तुला जे ठाऊक नाही ते तू कसं समजावणार, आणि तुला सांगायची मला लाज वाटते. मग थोड्या वेळानं म्हणाला, मला ती अक्षरं शिकव.

एकूण सव्वीस. सेसिल रोज संध्याकाळी एक अक्षर काढून दाखवायचा. पण गिरवायचं कशावर? कागद पत्रांपुरता, खाली वाळू भुसभुशीत, पडते आणि मिटते. रूबनला सापडली घोड्यांची अंगं. खोऱ्यातली ती धूळ घामावर बसून घोड्यांच्या कुशींवर थर जमायचा, पाटीच जणू. बाकीचे तिघं पुढे गोळीबारात आणि हा मागे टेकडीआड, डाव्या हाताला चार लगाम गुंडाळलेले, उजव्या हाताचं बोट मोकळं. बिडीच्या कुशीवर अक्षर, सेसिलच्या घोड्यावर तेच अक्षर, मग तिसऱ्यावर, चौथ्यावर. तिघं धापा टाकत परत आले की आपल्या घोड्यावर काय लिहिलंय ते आधी बघायचे. एकदा आकाशातून विमान आलं आणि बाँब टाकून गेलं. शेजारच्या चौकडीचे घोडे उधळले, दोन माणसं तुडवली गेली. धूळ बसल्यावर सेसिल धावत मागे आला तेव्हा रूबन उभा होता, कानाच्या वरून रक्त वाहतंय, चारही घोडे जागेवर, आणि त्याच्या स्वतःच्या घोडीवर अर्धवट राहिलेलं एक अक्षर. सेसिल म्हणाला, तू ठीक आहेस का? रूबन म्हणाला, या अक्षराला पाय किती, दोन का तीन? पुढे एका अधिकाऱ्यानं पाहणी करताना विचारलं, या घोड्यांवर हे काय गिचमिड आहे? सगळे ताठ उभे. अधिकारी बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हे चौथं उलटं आहे, सुधारा, आणि पुढे गेला. रूबन हसतोय. हे मी अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर सांगतेय आणि तो हसतोय, टेबल हलतंय, ही ओळ वाकडी आली तर ती डोळ्यांमुळे नाही.

इकडे मी रिकामी बसले नव्हते. विहिरी खोदणारा एक माणूस आमच्या तळावर येऊन राहिला होता. दात फार चांगले होते त्याचे. बोलायचाही छान, सकाळपासून रात्रीपर्यंत. त्यानं मला लग्नाचं विचारलं आणि मी म्हटलं, नव्या वर्षात सांगते. लढाई संपल्याची बातमी आली, गावात घंटा वाजल्या आणि मी त्या दिवशी मुद्दाम दुकानात गेले नाही. नाताळानंतर मिसेस ऑग्डन स्वतः टांगा जोडून आमच्या तळावर आली, अकरा मैल. हातात पाकीट. ती म्हणाली, हे अक्षर सेसिलचं नाही. एखाद्या कोंबडीनं लिहिल्यासारखं आहे, मी फोडलेलं नाही. फोडलं. तिनं दोनदा तोंडातल्या तोंडात वाचलं. एरवी नाटकी वाचणारी बाई, आता ओळीवर बोट ठेवून हळू वाचायला लागली. चार ओळी होत्या. ॲडी, तो डाग आपला आहे. कढई तुझी, आतली रिकीब माझी. परत आलो की नोंदवू. नको असेल तर सांग, कढई खोडतो.

टोपी नव्हती, कढई होती. माझी पाव भाजायची कढई. या माणसाला डोळे मिटून घोडा काढता येतो पण कढई काढता येत नाही, यात माझा काय दोष? लग्नाची मागणी सेसिलच्या तोंडून घालायची लाज वाटली, म्हणून गुपचूप तळाशी काढून ठेवली, आणि मी त्याला विकलेलं जनावर केलं. मिसेस ऑग्डनला मी म्हटलं, उत्तर लिही. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, लिही, पीठ मळलंय. तिनं या वेळी एक अक्षर जास्त घातलं नाही. विहीरवाल्याला मी सांगितलं की तुझे दात खरंच सुंदर आहेत, आणि त्याची बायको पुढे फार सुखी झाली असं ऐकलं.

एकोणीस साली रूबन आला, एकटा. घोड्यांना परत आणायची परवानगी नव्हती. तरणे घोडे हिंदुस्थानच्या रिसाल्याला दिले आणि म्हाताऱ्यांना तिथेच गोळ्या घातल्या. बिडी चौदाची होती. त्या दिवशी तिचा लगाम कुणा परक्याच्या हातात दिलेला नव्हता, एवढं मला ठाऊक आहे. त्याहून जास्त मी कधी विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. इथे त्यानं पेन ठेवलं, उठला आणि चुलीवर पाणी चढवून आला. चहा झाला. आता पुढे.

आता तो नकार. रूबन, नवीन ओळ धर आणि सांगते तसंच लिही. लॉर्ना, सोळा तारखेला आम्ही येतोय. आम्ही म्हणजे दोघं. रूबन, का थांबलास? लिही, दोघं. पंधरा साली तू आगगाडीत बसलास तेव्हा मी फलाटावर नव्हते, अकरा मैलांवर पीठ मळत होते. मला वाटलं, जाणारा माणूस येतोच की परत, त्याला बघायला काय जायचं. मग चार वर्षं तू कसा आहेस हे मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. आता पुन्हा तीन आठवडे तुझे डोळे बांधणार, तू लिहू शकणार नाहीस आणि मला वाचता येणार नाही. कुणीतरी भली पोरगी माझ्यासाठी चार गोड ओळी लिहून पाठवेल. मला नकोत. मी खाटेशेजारी बसणार आहे. पट्टी काढतील तेव्हाही तिथेच असणार, बरं झालं तरी आणि न झालं तरी. घोड्यांचं म्हणशील तर शेजारच्या डूगलला मी शनिवारीच सांगून ठेवलंय, कोंबड्या त्याची बायको बघेल. तू विचारलंस तेव्हा मी जुने कपडे काढतेय म्हणाले ना, माझी पेटी तेव्हाच भरली. तू नाही म्हणतोयस ते घोड्यांसाठी नाही, मला एकटीला ठेवून जायचं नाही म्हणून, हे न कळण्याइतकी मी अडाणी नाही. लॉर्ना, तुझ्या मेट्रनला विचारून ठेव की भेटायची वेळ संपल्यावर म्हातारीला बाहेर काढायची पद्धत आहे का, आणि असली तर किती माणसं लागतात. आगगाडीत दोन जागा राखून ठेव. आणि तुझ्या खोलीवर पीठ आणून ठेव, शहरातला पाव मी खाणार नाही.

तुझीच, पाय आधीच दाराबाहेर ठेवलेली,
आजी ॲडी
(खाली अंगठा माझा. शाई संपत आलीय, म्हणून चुलीतली काजळी लावलीय.)

ता. क. पुढच्या ओळी माझ्या आहेत. तिला वाचून दाखवलेल्या नाहीत, पाकीट मीच बंद करतो. जागा राखशील त्यातली एक खिडकीची घे. जाताना ती बसेल, तिनं डोंगरांपलीकडचं काही पाहिलेलं नाही. येताना खिडकीत मी बसेन.
आजोबा